वाचकांचे प्रश्न : ‘उच्च उत्पन्न’ ही रेषा नेमकी कुठे असते?

वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांच्या वर्गवारीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : ‘अमुक देश उच्च उत्पन्न गटात गेला’ अशी बातमी बहुतेक दर जुलैमध्ये वाचायला मिळते. हे ठरवतं कोण आणि कशावरून?

ही यादी जागतिक बँकेची. दरवर्षी १ जुलैला ती नव्याने लागू होते आणि पुढच्या ३० जूनपर्यंत बदलत नाही. मध्येच एखाद्या देशाने आपले आकडे सुधारले, तरी गट तोच राहतो.

निकष एकच आहे : मागच्या कॅलेंडर वर्षातलं दरडोई सकल राष्ट्रीय उत्पन्न (रहिवाशांनी देशात आणि परदेशात मिळून कमावलेलं), डॉलरमध्ये. साक्षरता, उद्योगांची प्रगती, विषमता, लोकशाही यांपैकी काहीही त्यात धरलेलं नसतं. जुलै २०२५च्या यादीत १,१३५ डॉलरपर्यंत अल्प उत्पन्न, १,१३६ ते ४,४९५ निम्न-मध्यम, ४,४९६ ते १३,९३५ उच्च-मध्यम आणि त्याच्या वर उच्च उत्पन्न, असे चार गट होते. त्या वर्षी कोस्टा रिका उच्च गटात गेला. आदल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२४मध्ये, बल्गेरिया, पलाऊ आणि रशिया हे तीन देश वर सरकले होते.

या रेषा आल्या कुठून? उच्च उत्पन्नाची सीमा १९८७च्या किमतींनुसार ६,००० डॉलर ठरवली गेली. त्यानंतर तिच्यात फक्त महागाईपुरती दुरुस्ती होत आली आहे. म्हणून आजचे १३,९३५ डॉलर पाहून ‘रेषा दुपटीहून वर नेली’ असं म्हणणं चूक ठरेल. खऱ्या मूल्यात ती तेव्हा होती तिथेच आहे. जग श्रीमंत होत गेलं, रेषा मात्र हलली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

प्रश्न : मी एका देशाचं दरडोई उत्पन्न त्याच्या चलनात घेतलं आणि त्या वर्षीच्या सरासरी विनिमय दराने भागलं. उत्तर जागतिक बँकेच्या आकड्यापेक्षा बरंच कमी आलं. चूक कुठे झाली?

भागाकार बरोबर आहे, दर वेगळा घ्यायला हवा होता. बँक चालू वर्षाचा दर जसाच्या तसा वापरत नाही. ती ‘ॲटलस पद्धती’ने काढलेला तीन वर्षांचा सरासरी दर वापरते. त्या सरासरीत आधीच्या दोन वर्षांचे दर महागाईच्या फरकाने दुरुस्त करून घेतलेले असतात.

काल्पनिक देश घेऊन हिशेब करून पाहू. एका डॉलरला दोन वर्षांपूर्वी ७५, गेल्या वर्षी ८० आणि यंदा १०० नाणी पडतात. म्हणजे यंदा चलन घसरलं आहे. देशातली किंमतवाढ गेल्या वर्षी १० टक्के, यंदा १२ टक्के. आंतरराष्ट्रीय किंमतवाढ गेल्या वर्षी ४ टक्के, यंदा ३ टक्के.

गेल्या वर्षीचा दर आजच्या पातळीवर आणायचा तर ८० ला १.१२ ने गुणायचं आणि १.०३ ने भागायचं. उत्तर ८६.९९. दोन वर्षांपूर्वीच्या दरासाठी दोन्ही वर्षांची वाढ साखळीने धरायची : ७५ गुणिले १.२३२ भागिले १.०७१२, उत्तर ८६.२६. यंदाचा दर १००, त्याला हात लावायचा नाही. तिन्हींची सरासरी ९१.०८. आता देशाचं दरडोई उत्पन्न १३,००,००० नाणी असेल, तर चालू दराने ते १३,००० डॉलर होतं आणि ॲटलस दराने १४,२७३. एका हिशेबात देश रेषेखाली, दुसऱ्यात वर. तुमचा आकडा कमी का आला याचं उत्तर बहुधा हेच आहे : त्या वर्षी चलन घसरलं असणार.

पण घसरण अशी लपून राहत नाही. याच देशात पुढच्या वर्षी दर १०० वरच थांबला, देशातली आणि आंतरराष्ट्रीय किंमतवाढ दोन्ही ३ टक्के राहिली आणि खरी वाढ शून्य झाली असं समजा. दरडोई उत्पन्न १३,३९,००० नाणी होईल. तीन दर आता ८६.९९, १०० आणि १००, सरासरी ९५.६६. उत्पन्न १३,९९७ डॉलर. इकडे सीमारेषा ३ टक्क्यांनी वाढून १४,३५३ वर गेलेली असेल. देश एका वर्षात खालच्या गटात आला, तोही ज्या वर्षी काहीच वाईट घडलं नाही त्या वर्षी. चलनाची घसरण आदल्या वर्षीची होती, तिची नोंद सरासरीतून हप्त्याहप्त्याने लागली. बातमीत मात्र ‘यंदा अर्थव्यवस्था ढासळली’ असं छापून येतं, आणि ते वाचून खरोखर वाईट वाटतं, कारण कारणमीमांसा एक वर्ष चुकलेली असते.

दोन चुका हमखास होतात. पहिली, किंमतवाढीसाठी लोक किरकोळ महागाईचा निर्देशांक घेतात. इथे सकल देशांतर्गत उत्पादनाचा डिफ्लेटर, म्हणजे देशात तयार होणाऱ्या सगळ्या वस्तू-सेवांच्या किमतींचा निर्देशांक, लागतो. आंतरराष्ट्रीय किंमतवाढीसाठीही एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) डिफ्लेटर घ्यायचा, म्हणजे अमेरिका, युरो क्षेत्र, चीन, जपान आणि ब्रिटन यांच्या डिफ्लेटरची भारित सरासरी. सीमारेषा वाढवायलाही हाच आकडा वापरतात. दुसरी चूक म्हणजे क्रयशक्ती समानतेचे, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून काढलेले पीपीपी डॉलर घेणं. राहणीमानाची तुलना करायला ते योग्य आहेत, पण या गटवारीत त्यांना स्थान नाही. पीपीपीचा आकडा मध्यम उत्पन्नाच्या देशांत बहुधा बराच मोठा दिसतो आणि देश उगाच रेषेपार गेल्यासारखा वाटतो.

प्रश्न : पोलंड जागतिक बँकेच्या यादीत उच्च उत्पन्नाचा, पण नाणेनिधीच्या अहवालात उदयोन्मुख! दक्षिण कोरियाचं तर शेअर बाजाराच्या याद्यांतही एकमत नाही. खरं काय मानायचं?

सगळंच खरं, कारण प्रत्येक यादी वेगळ्या कामासाठी बनवली आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अर्थव्यवस्थांची ‘प्रगत’ आणि ‘उदयोन्मुख व विकसनशील’ अशी विभागणी करतो. तिथे दरडोई उत्पन्नाच्या जोडीला निर्यातीतलं वैविध्य आणि जागतिक वित्तव्यवस्थेशी असलेली जोडणीही पाहतात. एकच एक सीमारेषा नाही. त्यामुळे सौदी अरेबिया, कतार यांसारखे तेलावर उभे असलेले देश बँकेच्या यादीत वर्षानुवर्षं उच्च गटात असूनही निधीच्या यादीत प्रगत नाहीत. चिलीचंही तसंच. उलट कोरिया, सिंगापूर, हाँगकाँग, तैवान आणि इस्रायल यांना निधीने १९९७ सालीच प्रगत गटात घेतलं. युरो स्वीकारणारे देशही एकामागून एक तिकडे सरकले. क्रोएशियाने २०२३ला युरो घेतला आणि त्याची जागा बदलली.

शेअर बाजाराच्या याद्यांचा सवाल निराळाच असतो : परदेशी गुंतवणूकदाराला पैसे आत-बाहेर करणं किती सोपं आहे? एफटीएसई आणि एमएससीआय या शेअर निर्देशांक बनवणाऱ्या कंपन्या. एफटीएसईने कोरियाला सप्टेंबर २००९मध्ये विकसित बाजार मानलं. एमएससीआयकडे तो अजून उदयोन्मुखच आहे, कारण वॉन या कोरियन चलनाच्या देशाबाहेरच्या व्यवहारावरची मर्यादा आणि बाजारातली बंधनं त्यांना खटकतात. एमएससीआयच्या विकसित गटात जायला उत्पन्नाचीही अट आहे : बँकेच्या उच्च सीमेपेक्षा २५ टक्के जास्त, सलग तीन वर्षं. पण ती पुरेशी नाही. ग्रीसला २०१३मध्ये एमएससीआयने विकसित गटातून उदयोन्मुख गटात उतरवलं, तेव्हाही तो देश बँकेच्या हिशेबात उच्च उत्पन्नाचाच होता.

जागतिक व्यापार संघटनेत तर ‘विकसनशील’ हा दर्जा देश स्वतःच जाहीर करतो. कोरियाने ऑक्टोबर २०१९मध्ये सांगितलं की पुढच्या वाटाघाटींत या दर्जाच्या सवलती आपण मागणार नाही. तोपर्यंत त्याला उच्च उत्पन्न गटात जाऊन बरीच वर्षं झाली होती.

प्रश्न : जुन्या पाठ्यपुस्तकात ‘नव-औद्योगिक देश’ असा शब्द होता. आता तो का दिसत नाही?

तो शब्द प्रामुख्याने हाँगकाँग, सिंगापूर, दक्षिण कोरिया आणि तैवान यांच्यासाठी रूढ झाला. त्यांच्या अर्थव्यवस्थेत कारखानदारी आणि निर्यातीचा वाटा झपाट्याने वाढला होता. ते चौघे प्रगत गटात गेल्यावर शब्दाचं मुख्य काम संपलं. ‘उदयोन्मुख बाजार’ हा शब्द १९८१मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातल्या आंत्वान व्हान आख्तमाल यांनी गुंतवणूकदारांसाठी आणला. ‘ब्रिक’ (ब्राझील, रशिया, भारत, चीन) हा शब्द २००१मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेच्या जिम ओ’नील यांनी. हे दोन्ही शब्द वित्तबाजारातून आले. संशोधनात वापरताना त्यांची व्याख्या स्वतः लिहून द्यावी लागते, नाहीतर परीक्षक विचारतातच.

प्रश्न : रेषा ओलांडली म्हणजे लोक खरोखर सधन झाले, असं धरता येईल का?

नाही. सरासरीचा आकडा कोणत्या वाटेने वर गेला ते आधी पाहायला हवं.

युक्रेन जुलै २०२४च्या यादीत निम्न-मध्यम गटातून उच्च-मध्यम गटात गेला. युद्ध चालू असताना! २०२२मध्ये अर्थव्यवस्था २८.८ टक्क्यांनी आकसली होती, २०२३मध्ये ती ५.३ टक्के वाढली. पण या बढतीत मोठा हात लोकसंख्येचा होता : आक्रमणानंतर ती १५ टक्क्यांहून अधिक घटली. छेद लहान झाला की भागाकार वाढतो. ‘दरडोई’मधलं हे ‘डोई’ फार कमी लोक तपासतात. जनगणनेनंतर लोकसंख्येचा अंदाज बदलला, तरी असाच परिणाम होतो.

गयानात डिसेंबर २०१९मध्ये समुद्रातल्या तेलाचं उत्पादन सुरू झालं आणि जुलै २०२३मध्ये तो देश उच्च उत्पन्न गटात पोहोचला. इक्वेटोरियल गिनी हे याहून बोचरं उदाहरण. तेलाच्या जोरावर तो काही वर्षं उच्च उत्पन्न गटात होता आणि त्याच काळात संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित देशां’च्या यादीतही होता. तिथून तो २०१७मध्ये बाहेर पडला, तोही केवळ उत्पन्नाच्या निकषावर. आरोग्य आणि शिक्षणाचा निकष त्याला पुरा करता आला नव्हता.

हिशेबाची पद्धत बदलूनही गट बदलतो. घानाने २०१०मध्ये राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याचं आधारवर्ष बदललं. आधी न मोजलेले व्यवसाय हिशेबात आले आणि अर्थव्यवस्थेचा आकार सुमारे ६० टक्क्यांनी मोठा निघाला. पुढच्या वर्षी देश निम्न-मध्यम गटात. एका रात्रीत कुणाच्या घरात एक पैसाही जास्त आला नव्हता. तरी आम्ही याला फसवणूक म्हणणार नाही. आधीचा आकडा जास्त चुकीचा होता.

आणखी एक खबरदारी : सकल राष्ट्रीय उत्पन्न आणि सकल देशांतर्गत उत्पादन यांची अदलाबदल करू नका. परदेशी कंपन्यांचा नफा जिथून मोठ्या प्रमाणात बाहेर जातो, तिथे देशांतर्गत उत्पादन फुगलेलं दिसतं. आयर्लंडचं उत्पादन २०१५मध्ये २५ टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं दिसलं, तेव्हा तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं मापच तयार करावं लागलं.

प्रश्न : समजा एखाद्या देशाचं दरडोई उत्पन्न आज ८,००० डॉलर आहे. उच्च गटात जायला त्याला किती वर्षं लागतील?

रेषा खऱ्या मूल्यात स्थिर आहे, त्यामुळे हिशेब सोपा आहे. महागाई बाजूला ठेवा आणि दरडोई खरी वाढ तेवढी घ्या. १३,९३५ भागिले ८,००० म्हणजे १.७४. उत्पन्न इतकं पट व्हायला हवं. दरडोई वाढ दरवर्षी ४ टक्के असेल तर सुमारे १४ वर्षं, ६ टक्के असेल तर साडेनऊ, आणि २ टक्के असेल तर तब्बल २८.

यात घोटाळा होतो तो वाढीचा चुकीचा दर घेतल्याने. बातमीतला ५ टक्के दर बहुधा एकूण उत्पादनाचा असतो. लोकसंख्या दरवर्षी १ टक्का वाढत असेल, तर तुमच्या कामाचा दर ४ टक्केच. शिवाय चलनाचं खरं मूल्य मध्ये १० टक्क्यांनी वाढलं, तर ४ टक्क्यांच्या उदाहरणात जवळपास अडीच वर्षं वाचतात. घसरलं तर तेवढीच वाया जातात.

रेषेच्या अगदी जवळच्या देशांची म्हणूनच ये-जा चालते. दक्षिण कोरिया १९९५ला उच्च गटात होता. १९९७च्या आशियाई संकटात वॉन कोसळला, १९९८च्या आकड्यांवर देश खाली आला आणि २००१च्या आकड्यांवर परत वर गेला. अर्जेंटिना २०१५च्या यादीत वर, २०१६ला खाली, २०१८ला वर, २०१९ला पुन्हा खाली. मॉरिशस आणि रुमानिया जुलै २०२०मध्ये वर गेले आणि कोविडच्या वर्षाचे आकडे येताच २०२१मध्ये उतरले. रुमानिया पुढच्याच वर्षी परतला. रेषेच्या पाच टक्के वर-खाली असलेल्या देशाबद्दल ठाम विधान करायचं असेल, तर किमान तीन वर्षांच्या याद्या समोर ठेवाव्यात.

प्रश्न : ‘मध्यम उत्पन्नाचा सापळा’ खरोखर असतो का?

हा शब्दप्रयोग २००७मध्ये इंदरमित गिल आणि होमी खरास यांनी पूर्व आशियावरच्या अभ्यासात केला. युक्तिवाद असा : मजुरी वाढल्यावर स्वस्त श्रमाच्या देशांशी स्पर्धा जमत नाही आणि नवं तंत्र घडवणाऱ्या देशांशी बरोबरी करण्याइतकं कौशल्य अजून आलेलं नसतं. देश मध्येच अडकतो.

वाद मुख्यतः मोजपट्टीचा आहे. १९६०मधल्या १०१ मध्यम उत्पन्न देशांपैकी २००८पर्यंत फक्त १३ देश उच्च उत्पन्नापर्यंत पोहोचले, हा वारंवार उद्धृत होणारा आकडा अमेरिकेच्या उत्पन्नाशी तुलना करून काढलेला आहे. बँकेची स्थिर रेषा घेतली तर १९९०नंतर ३४ देशांनी ती ओलांडली. एक पट्टी पुढे पळते, दुसरी जागेवर आहे. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात आले की वाचकाचा गोंधळ ठरलेला. त्या ३४ मध्येही एक तृतीयांशाहून अधिक देशांना युरोपीय संघाशी झालेल्या एकीकरणाचा किंवा नव्याने सापडलेल्या तेलाचा हात मिळाला होता.

आमचं मत : ‘सापळा’ म्हटलं की सुटकाच नाही असं वाटतं, प्रत्यक्षात दिसतं ते वाढीचं मंदावणं. जागतिक बँकेच्या २०२४च्या विकास अहवालातली मांडणी जास्त उपयोगी आहे. आधी गुंतवणूक, मग बाहेरचं तंत्रज्ञान आणून देशभर मुरवणं, मग स्वतःचं नवं तंत्र. मधला टप्पा गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारायला गेलेले देश बहुतेकदा तिथेच खर्ची पडतात.

प्रश्न : वरच्या गटात गेल्यावर देशाचं नुकसान काय होतं?

लगेच काही नाही. जागतिक बँकेचं कर्ज रेषा ओलांडताच बंद होत नाही. पोलंड आणि चिली आजही कर्जदारांच्या यादीत आहेत. अधिकृत विकास साहाय्याला पात्र देशांच्या, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या यादीतून नाव निघायला सलग तीन वर्षं उच्च उत्पन्न लागतं. चिली, उरुग्वे आणि सेशेल्स १ जानेवारी २०१८ला असेच बाहेर पडले. युरोपीय संघाच्या सर्वसाधारण आयातकर सवलतीही सलग तीन वर्षं उच्च-मध्यम किंवा उच्च गटात राहिल्यावर जातात.

खरा फटका बसतो तो अल्पविकसित यादीतून बाहेर पडताना, कारण शुल्कमुक्त निर्यात तिथे पणाला लागते. ती यादी संयुक्त राष्ट्रांची असून बँकेच्या गटांपासून पूर्ण वेगळी आहे. तिथे उत्पन्न, मानवी संपदा आणि आर्थिक-पर्यावरणीय असुरक्षितता असे तीन निकष आहेत. आढावा दर तीन वर्षांनी होतो आणि सहसा दोन निकष सलग दोन आढाव्यांत पुरे करावे लागतात. इक्वेटोरियल गिनीसारखं केवळ उत्पन्नावर बाहेर पडणं हा अपवाद. बांगलादेश २०१५पासून निम्न-मध्यम गटात आहे. त्याने २०१८ आणि २०२१च्या आढाव्यांत तिन्ही निकष पुरे केले.

प्रश्न : प्रकल्पासाठी १९९० ते आजपर्यंतचा गटवार वाढीचा तक्ता करायचा आहे. काय जपावं?

पहिलं, वर्षाचं लेबल. ‘आर्थिक वर्ष २०२६’ची यादी जुलै २०२५मध्ये येते आणि २०२४चे आकडे वापरते. तक्त्यात तिन्हींपैकी कोणतं वर्ष लिहिलं आहे ते शीर्षकातच नमूद करा.

दुसरं आणि जास्त महत्त्वाचं : बँकेच्या माहितीकोशातल्या गटांच्या बेरजा आजचे सदस्य धरून मागच्या सगळ्या वर्षांसाठी काढलेल्या असतात. १९९०मध्ये चीन अल्प उत्पन्न गटात होता, आज उच्च-मध्यम गटात आहे. मग चीनची तीन दशकांची सगळी वाढ उच्च-मध्यम गटाच्या खात्यावर जमा होते आणि अल्प उत्पन्न गटात मागे राहिलेलेच देश उरतात. ‘गरीब गट वाढत नाही’ असा निष्कर्ष यातून आपोआप निघतो, कारण जे वाढले ते गटातून वजा झालेले असतात. यावर उपाय म्हणजे बँक प्रसिद्ध करते ती ऐतिहासिक वर्गवारीची तक्ता-फाइल. तिच्यात प्रत्येक वर्षी कोणता देश कोणत्या गटात होता ते दिलं आहे. १९९०ची यादी गोठवा, तेच देश शेवटपर्यंत धरा.

ती फाइल त्या त्या वेळच्या आकड्यांवर बेतलेली आहे, नंतरच्या दुरुस्त्या मागे जाऊन लावलेल्या नाहीत. त्यामुळे आजच्या सुधारित उत्पन्नाशी जुना गट जुळला नाही, तर तो आपल्या हाताने बदलू नका. आणि व्हेनेझुएलासारख्या देशापुढे गट दिलेला नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. तिथे शून्य टाकलं की सरासरी बिघडते.